नायलॉन तारांची सिंथ-गिटार : खर्जाचे सूर मागे का राहतात?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीतील एका हौशी वाद्यवृंदात गिटार वाजवतो. आमचे कार्यक्रम मुख्यतः भावगीते, भक्तिगीते आणि थोडीफार नाट्यगीते अशा स्वरूपाचे असतात. आमचा कीबोर्डवादक नोकरीनिमित्त बाहेरगावी गेल्यापासून अंतऱ्याआधीचे पीसेस आणि मागचा भराव सांभाळायला कोणीच उरलेले नाही. ते काम आपणच करावे या विचाराने मी गोडिन कंपनीची मल्टिअॅक ही नायलॉन तारांची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार वापरलेल्या स्थितीत घेतली. नेहमीच्या जॅकखेरीज तिला तेरा पिनांचे सॉकेट आहे आणि त्यातून ती मी रोलंडच्या जीआर-५५ या गिटार सिंथेसायझरला (तारेचा सूर ओळखून बासरी, व्हायोलिन असे इतर आवाज काढणाऱ्या यंत्राला) जोडतो.

गिटारचा स्वतःचा आवाज उत्तम आहे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. अडचण सिंथच्या आवाजाची आहे. पाचव्या आणि सहाव्या तारेवर वाजवलेला सूर स्पष्टपणे उशिरा येतो, तबल्याच्या समेवर तो कधीच नेमका पडत नाही. बोट उचलताना मधेच एखादा भलताच सूर किंचाळतो, आणि तोही नेमका शांत जागी. बासरीचा लांब सूर धरला तर शेवटी तो थरथरतो आणि तुटतो. मींड घेतली तर कधी ती सुरेल येते, तर कधी पायऱ्या उतरल्यासारखी ऐकू येते. एका दुकानात विचारले तेव्हा ‘सरळ स्टीलच्या तारा टाका, म्हणजे सगळे सुटेल’ असे सांगण्यात आले, पण मला ते पटले नाही. ज्यांनी अशी गिटार कार्यक्रमात वापरली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. दोष वाद्याचा आहे, यंत्राच्या सेटिंगचा आहे की माझ्या हाताचा, एवढे जरी कळले तरी पुढचा मार्ग सापडेल.

सहावी तार (मिरज) यांचे उत्तर

नमस्कार. आधी स्टीलच्या तारांचा विषय संपवू, कारण त्यात वाद्य कायमचे खराब होण्याचा धोका आहे. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या घरात असतो, तर अकूस्टिक गिटारच्या स्टील तारांचा नेहमीचा हलका संचसुद्धा ७० किलोच्या वर जातो. नायलॉनसाठी बांधलेला ब्रिज (घोडी) आणि वरची फळी एवढ्या ओढीसाठी नसते. शिवाय त्यातून मिळणार काय? स्टीलची तार लागते ती चुंबकीय पिकअपला (तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागाला). रोलंडचे जीके-३ हे वरून बसवायचे पिकअप त्या जातीचे आहे आणि म्हणूनच ते नायलॉनवर चालत नाही. आपल्या गिटारमध्ये प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पिझो सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो, पिकअपचे काम करणारा तुकडा) आहे. ते तारेचा दाब आणि कंप ओळखते, धातूशी त्याला कर्तव्य नाही. कॅलिफोर्नियातील आरएमसी या कंपनीचे सॅडल या गिटारींमध्ये वर्षानुवर्षे वापरले गेले आहेत.

आता उशीर. त्याचा मुख्य उगम यंत्राच्या संथपणात नसून सुराच्या लांबीत आहे. तार छेडल्यावर सिंथला आधी तो सूर कोणता हे ओळखावे लागते आणि त्यासाठी कंपनाचे किमान एक आवर्तन, व्यवहारात त्याहून थोडे अधिक, ऐकावे लागते. मोकळ्या सहाव्या तारेची कंप्रता सुमारे ८२.४ हर्ट्झ आहे, म्हणजे एकच आवर्तन १२ मिलिसेकंदांचे. दोन आवर्तने धरली तर २४ मिलिसेकंद नुसत्या ऐकण्यात गेले, त्यावर गणिताचा आणि आवाज निर्माण करण्याचा वेळ वेगळा. पहिली तार ३२९.६ हर्ट्झची असल्यामुळे तिचे एक आवर्तन ३ मिलिसेकंदांत संपते आणि म्हणून तिच्यावर उशीर जवळजवळ जाणवत नाही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. त्यात तीस-पस्तीस मिलिसेकंदांची ओढ तबल्याशेजारी बसलेल्या माणसाला खटकणारच. कितीही महाग यंत्र आणले तरी खर्जाचे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांपेक्षा लवकर पूर्ण होणार नाही.

यावर वादक जो उपाय करतात तो साधा आहे. जी ओळ खर्जात हवी ती पहिल्या तीन तारांवर वाजवावी आणि सिंथच्या टोनमध्ये एक किंवा दोन सप्तके खाली उतरवावी. बास गिटारची ओळ तिसऱ्या तारेवर वाजवायला सुरुवातीला विचित्र वाटते, पण उशीर निम्म्याहून कमी होतो, कारण तिसरी तार १९६ हर्ट्झची आहे. आणि जिथे केवळ गिटारचाच खर्ज पुरेसा आहे तिथे पाचव्या-सहाव्या तारेचा सिंथ पूर्ण बंद ठेवावा. जीआर-५५ मध्ये प्रत्येक तारेची सिंथ पातळी वेगळी ठरवता येते आणि नायलॉन वादकासाठी ती सोय मला त्या यंत्रातली सर्वांत मोलाची वाटते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. त्याच यंत्रात मॉडेलिंगचा एक वेगळा विभाग आहे. तो सूर ओळखायला थांबत नाही. तारेचा मूळ संकेतच घेऊन त्याचे रूप बदलतो, त्यामुळे तिथे हा उशीर नाही. सतार, बँजो, स्टीलची गिटार, बास अशी रूपे त्यात मिळतात. त्यातील सतार मिरजेत बसून ऐकू नये, एवढेच माझे मत आहे. २०२४ साली ज्या गावाच्या सतारी-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले तिथल्या कानांना ती पटणे अवघड आहे. बास मात्र निर्धास्त वापरा.

भलत्या सुरांबद्दल आधी एक तपासणी करा. सिस्टिमच्या जीके सेटिंगमध्ये पिकअपचा प्रकार कोणता निवडलेला आहे ते पाहा. वापरलेल्या यंत्रात बहुधा आधीच्या मालकाच्या गिटारचे सेटिंग तसेच राहिलेले असते. तिथे जीके-३ असेल तर ते बदलून पिझो गटातील ‘आर’ हा पर्याय घ्या. तो आरएमसीसाठीच दिलेला आहे. त्यानंतर प्रत्येक तारेची संवेदनशीलता बसवा. कार्यक्रमात ज्या जोराने आपण सर्वांत मोठा आघात करता त्याच जोराने एकेक तार छेडा आणि मीटर शेवटच्या टोकाच्या जरा आधी थांबेल असे ठेवा. घरी हळू हाताने बसवलेली संवेदनशीलता रंगमंचावर हमखास फसते. तिसरी तार नायलॉनच्या संचात जाड आणि काहीशी बोथट असते, तिला इतरांपेक्षा थोडे अधिक लागते. चौथी गुंडाळीची असल्यामुळे खणखणीत बोलते, तिला कमी करावे लागते.

एवढे करूनही जे उरेल ते हाताचे. सिंथला कॉर्ड कळत नाही. त्याला सहा स्वतंत्र तारा ऐकू येतात, आणि श्रोत्याला जो घासल्याचा आवाज ऐकूही येत नाही तो त्याच्या दृष्टीने एक सूर असतो. डाव्या हाताचे बोट उचलताना मोकळी तार नकळत छेडली जाते, आपला किंचाळणारा सूर बहुधा तिथून येतो. तारेवरचा दाब आधी सैल करून ती तिथेच मुकी करायची आणि मग बोट उचलायचे, ही सवय लावून घ्यावी लागते. उजव्या हाताचा अंगठा नुकत्याच वाजवून झालेल्या खर्जाच्या तारेवर टेकवण्याची सवयही तितकीच उपयोगी पडते. एकेरी ओळ वाजवताना बोट छेडून पुढच्या जाड तारेवर विसावते तो आघात, ज्याला शास्त्रीय गिटारवादक अपोयांदो म्हणतात, या कामासाठी फार चांगला, कारण सूर भरीव निघतो आणि शेजारची तार आपोआप मुकी होते. नखांच्या कडा बारीक पॉलिश-पेपरने गुळगुळीत ठेवा. खरबरीत नखाचा ओरखडा हा सुराच्या आधी पोहोचणारा गोंगाट असतो आणि यंत्र सर्वांत आधी तोच ऐकते.

जवारी (मिरज) यांचे उत्तर

वरील उत्तर तंत्राच्या बाजूने पूर्ण आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला आवाजाच्या निवडीबद्दल लिहायचे आहे, कारण प्रश्नकर्त्याच्या निम्म्या अडचणी चुकीच्या ठिकाणी बासरी वापरल्यामुळे आहेत असे मला वाटते.

नायलॉनची तार छेडल्यावर तिचा आवाज स्टीलपेक्षा लवकर ओसरतो, बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर तर फारच लवकर. सिंथ बासरीचा सूर तोपर्यंतच धरते जोपर्यंत तारेचा संकेत त्याला ओळखू येतो; संकेत क्षीण झाला की त्याचा अंदाज डळमळतो, सूर थरथरतो आणि तुटतो. त्यासाठी पायाखालच्या पेडलला होल्डचे काम नेमून देता येते. सूर लागला की पेडल दाबावे, तार विझली तरी बासरी चालू राहते. वाक्य संपताना पेडल सोडायची वेळ मात्र श्वासाशी जुळायला हवी. खरा बासरीवादक जिथे दम घेतो तिथे पेडल सुटले नाही तर श्रोत्याला काय चुकले ते सांगता येत नाही, पण चुकले हे कळते.

मींडीबद्दल थोडे सविस्तर. नायलॉनची तार आडवी खेचल्याने सूर फारसा चढत नाही, कारण ती स्टीलपेक्षा कितीतरी लवचिक असते. तेवढ्याच खेचण्याने तिच्या ताणात फरक थोडा पडतो. म्हणून आपल्याला मींड घसरवत घ्यावी लागते आणि घसरताना मधल्या प्रत्येक पट्टीची पायरी तारेत खरोखरच असते. यंत्र ती इमानदारीने दाखवते. दोन गोष्टी पाहा. क्रोमॅटिक सेटिंग बंद असले पाहिजे, नाहीतर यंत्र प्रत्येक सूर जवळच्या अर्धस्वरावर बसवते आणि पायऱ्या अधिकच टोकदार होतात. दुसरे म्हणजे, टोनमधील पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याचा वेळ) थोडा वाढवला तर पट्टीपट्टीमधले अंतर वितळते. कोमल गंधारावरचे आंदोलन मात्र घसरून मिळत नाही. ते डाव्या बोटाने तारेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे नटकडे आणि ब्रिजकडे, झुलवूनच येते आणि सिंथ ते चांगले पकडते. सिंथचा आवाज बाहेरच्या मॉड्यूलमधून किंवा संगणकातून घेत असाल तर मोनो मोड लावा, म्हणजे सहा तारांना मिडीच्या (यंत्रांनी एकमेकांना सूर कळवण्याच्या पद्धतीच्या) सहा वेगवेगळ्या वाहिन्या मिळतात आणि एका तारेच्या मींडीने बाकीचे सूर हलत नाहीत. बेंडची कक्षा (मींडीत सूर किती सरकू शकतो ती मर्यादा) जीआर-५५ आणि मॉड्यूल दोन्हीकडे सारखी ठेवणे आवश्यक आहे.

आता माझे मत. भावगीताच्या मागे या वाद्याने बासरीची नक्कल करू नये. गायक समोर बसलेला असताना दुसरा सोलो आवाज आणला की तो खऱ्या बासरीशीच तोलला जातो आणि हरतो. या गिटारचे बळ दुसरीकडे आहे. नायलॉनचा कोरडा, स्पष्ट आघात पुढे ठेवा आणि त्याच्या मागे व्हायोलिनच्या समूहाचा किंवा मृदू पॅडचा (मागे सलग पसरून राहणाऱ्या सुरांचा) आवाज इतका कमी मिसळा की तो बंद केल्यावरच त्याची उणीव भासावी. पॅडचा अटॅक (आवाज पूर्ण उमटायला लागणारा वेळ) शंभर-दीडशे मिलिसेकंदांचा ठेवला तर खर्जाचा उशीर त्यात विरून जातो, कारण तो आवाज मुळातच हळू उमलणारा असतो. ताल गिटारच्या मूळ आवाजाने आधीच दाखवून दिलेला असतो. हा फेरफार माझ्या दृष्टीने सर्व सेटिंगपेक्षा अधिक उपयोगी आहे. संवादिनी वाजत असेल तेव्हा पॅड मध्य सप्तकात नको, दोन्ही मिळून गढूळ होतात; तो वर न्यावा किंवा पूर्ण थांबवावा.

या वाद्यप्रकाराला आपल्याकडे नवलाई मानण्याचे कारण नाही, हेही जाता जाता सांगतो. रोलंडने पहिले गिटार सिंथेसायझर, जीआर-५००, १९७७ साली बाजारात आणले. शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत तालवाद्ये वाजवत होते, तेव्हा मॅक्लॉफ्लिन नायलॉन तारांच्या गिटारवरून सिंथ वाजवत असत. त्या मैफलींत ते तबल्याशी जुगलबंदी करताना बहुतेक वेळा शुद्ध गिटारवर राहतात आणि सिंथ संथ, पसरट जागांसाठी राखतात. ऐकून पाहावे.

ध्वनिचालक (सातारा) यांचे उत्तर

कृष्णाकाठ दादा, मी वाजवत नाही, आवाज लावतो, म्हणून माझ्या बाजूचे थोडक्यात लिहितो. जीआर-५५ ला मुख्य आउटपुटखेरीज ‘गिटार आउट’ वेगळे आहे. मिक्सरवर दोन्ही वेगळ्या वाहिन्यांवर द्या. एकाच वायरने मिसळून पाठवले तर मला सिंथ कमी करता येत नाही आणि गिटार वाढवता येत नाही, मग कार्यक्रमभर आपण माझ्याकडे बघत राहता आणि मी आपल्याकडे.

उशिराच्या हिशेबात मॉनिटरचे अंतरही धरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवर ठेवलेला मॉनिटर स्वतःचे ९ मिलिसेकंद भर घालतो. तो गुडघ्याजवळ ठेवा किंवा कानात घाला.

गणेशोत्सवाच्या मांडवात जनरेटरवर चालणारी वीज आणि अर्थिंगचा पत्ता नसलेले बोर्ड असतात. तिथे घूं असा आवाज आला की लोक आधी गिटारला दोष देतात. दोन्ही वाहिन्यांना ग्राउंड लिफ्टची (संकेताच्या वायरीचे ग्राउंड तोडण्याची) सोय असलेला डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची पेटी) लावा आणि यंत्राचा अॅडॉप्टर व मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. प्लगचा अर्थिंगचा पिन मात्र कधीही तोडू नका, तो सुरक्षेसाठी असतो. तेरा पिनांची केबल लावताना आणि काढताना यंत्र बंद असू द्या, कारण त्या केबलमधून सहा तारांच्या संकेतांसोबत गिटारसाठी अधिक-उणे ७ व्होल्टचा पुरवठाही जातो. आणि एक जादा केबल बरोबर ठेवाच; ही केबल सातारा-सांगलीच्या दुकानांत आयत्या वेळी मिळणारी वस्तू नव्हे.

नवशिका (इस्लामपूर) यांचा उपप्रश्न

माझ्याकडे साधी क्लासिकल गिटार आहे. तिच्यात हे पिकअप बसवून घेता येईल का, की नवीन वाद्यच घ्यावे लागेल?

सहावी तार (मिरज) यांचे उत्तर

बसवता येते. आरएमसी आणि ग्राफ टेक या दोन्ही कंपन्यांचे नायलॉनसाठी सहा सुटे सॅडल आणि सोबतचा प्रीअॅम्प मिळतो. परंतु त्यासाठी ब्रिजमधील सॅडलची खाच रुंद करावी लागते, सहा तारांच्या सहा बारीक वायरींसाठी भोके पाडावी लागतात आणि बाजूच्या फळीत सॉकेटसाठी मोठे छिद्र करावे लागते. लाकडाचे काम मिरजेतील चांगला कारागीर निश्चित करील. जवारी काढणाऱ्या (सतारीच्या घोडीचा माथा घासून आवाज खुलवणाऱ्या) हाताला घोडीवर केसाएवढा फरक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सॅडलच्या तळाशी सर्वत्र सारखा दाब बसणे हाच यातला कळीचा भाग आहे, नाहीतर एक तार मोठी आणि शेजारची मुकी लागते. तरीही हाताने बांधलेली चांगली गिटार असेल तर तिला हात लावू नका. पोकळ वाद्य मोठ्या आवाजात फीडबॅक देते (स्पीकरचा आवाज पुन्हा पिकअपमध्ये शिरून शीळ घालतो). मल्टिअॅकचे अंग बहुतांशी भरीव, आत मोजक्या पोकळ्या असलेले असल्यामुळे ती त्या बाबतीत निवांत असते.

नवीन यंत्र घेणार असाल तर एक बाब आधी तपासा. रोलंडच्याच बॉस या ब्रँडचे एसवाय-१००० तेरा पिनांची केबल थेट घेते. २०२३ साली आलेले जीएम-८०० मात्र नव्या पद्धतीच्या सीरियल जीके जोडणीवर चालते, त्याला जुनी गिटार लावायची तर वेगळा कन्व्हर्टर विकत घ्यावा लागतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. पिकअपच्या जागी खरोखरच जीके-३ निवडलेले होते. ‘आर’ पर्याय घेऊन संवेदनशीलता नव्याने लावल्यावर किंचाळणारे सूर बरेच कमी झाले; जे उरले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेवरून बोट उचलतानाच येतात, म्हणजे हाताचे आहेत. काल तालमीत पॅडचा अटॅक वाढवून पाहिला आणि तबलजींनी ‘आज मागे कोण वाजवतंय’ असे विचारले.

एक शंका उरली आहे. आमच्या गायिका काळी तीनमध्ये गातात आणि गायक पांढरी एकमध्ये. पट्टी बदलण्यासाठी सिंथचे ट्रान्स्पोज (सूर वर-खाली सरकवण्याची सोय) वापरावे की कॅपो (सर्व तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा)?

सहावी तार (मिरज)

कॅपो. ट्रान्स्पोज केल्यास फक्त सिंथचे सूर सरकतात. गिटारचा स्वतःचा आवाज मूळ पट्टीतच राहतो आणि दोन्ही एकत्र ऐकू येतात. त्यात कॅपोने तार आखूड होऊन सूर चढतो, त्यामुळे ओळखण्याचा वेळही किंचित घटतो. नायलॉनसाठीचा, सपाट दाब देणारा कॅपो घ्या, कारण क्लासिकल गिटारची फिंगरबोर्ड सपाट असते आणि स्टीलच्या गिटारचा वक्र कॅपो कडेच्या तारा दाबतो व मधल्या सोडतो. तो लावल्यावर तारा पुन्हा सुरात मिळवून घ्या आणि नव्या नायलॉन तारा असतील तर कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यातच चढवा. त्या काही दिवस ओढ घेत राहतात, आणि यंत्र तो उतरलेला सूरही तितक्याच प्रामाणिकपणे वाजवते.